लाइट गेली तरी घर आणि मळा सावध ठेवा



लाइट जाणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. निमोणे, गुनाट, शिंदोडी, चिंचणी, न्हावरे असो की भीमेपलीकडचा दौंडचा भाग असो, दिवा विझला की आपण म्हणतो, "गेली वाटतं!" आणि अंधारात काड्यापेटी चाचपू लागतो. अंधाराची सवय झाली, पण सवय झाली म्हणजे तयारी झाली असं नव्हे. लाइट गेल्यामुळं माणूस सहसा दगावत नाही. दगावतो तो लाइट गेल्यानंतरच्या घाईनं, किंवा ती अवचित परत आल्यानं. म्हणून तयारी कशी करावी आणि जीव कसा सांभाळावा, या दोन्ही गोष्टी या पत्रकात एकत्र सांगितल्या आहेत. घरात मोठ्यानं वाचा. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही ऐकू द्या.

लाइट का जाते?

वीज आपल्यापर्यंत लांबून येते. मोठ्या उपकेंद्रातून ती आपल्या भागातल्या उपकेंद्रात येते. तिथून ११,००० व्होल्टच्या तारांनी शिवारातून निघते आणि आपल्या डीपीवर उतरते. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर तो दाब कमी करतो. मग मोटारीला तीन फेज मिळून सुमारे ४१५ व्होल्ट आणि घरच्या दिव्याला एका फेजवर सुमारे २३० व्होल्ट मिळतात. या वाटेवर कुठंही झाडाची फांदी टेकली, खांब कलला, फ्यूज उडाला की पुढचा सगळा भाग अंधारात जातो.

दुसरं कारण पाळीचं. शेतीपंपांना चोवीस तास वीज नसते, ठरावीक तासच असते. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस ती दिवसा आणि काही दिवस रात्री येते. ज्यांची वाहिनी सौर प्रकल्पाला जोडली गेली त्यांना दिवसा मिळू लागली आहे. गावठाणाची वाहिनी वेगळी असेल तर गावात दिवे असतात आणि मळ्यातल्या वस्तीवर अंधार असतो. म्हणून वस्तीवर राहणाऱ्यांनी गावातल्यापेक्षा दुप्पट तयारी ठेवावी.

तिसरं कारण वादळ-पावसाचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात उतरलं आणि घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यावरून गेलं. खांब पडले, तारा तुटल्या. कोकणात तर कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडं उपकेंद्रं पाण्यात गेली. तिथं पाणी भरपूर, पण प्यायला नाही, आणि दूध काढलं तर घालायला डेअरी नाही, अशी गत झाली. तेव्हा दोन तासांची लाइट जाणं वेगळं आणि दोन दिवसांची वेगळं. तयारी दोन दिवसांची असावी.

आधीची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तसं होऊ नये म्हणून पुढच्या गोष्टी घरात कायम ठेवा.

१) पाणी. लाइट गेली की बोअर बंद, नळयोजनेचा पंपही बंद. हिशेब असा धरा : पिण्याला, स्वयंपाकाला आणि जरुरीपुरतं माणशी २० लिटर, म्हणजे पाच माणसांना दिवसाला १०० लिटर. संकरित दुभती गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते. दोन गाई असतील तर दीडशे लिटर. माणसं-जनावरं मिळून दोन दिवसांना ५०० लिटर झाले. तेव्हा ५०० लिटरची एक टाकी किंवा हौद कधीही रिकामा ठेवू नये. टाकी शक्यतो उंचावर ठेवा, म्हणजे मोटारीशिवाय नळाला पाणी येईल. साठवलेल्या पाण्यात हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर घाला आणि अर्ध्या तासानंतर वापरा. पिण्याचं पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्यानं काढा.

२) उजेड. एक चांगली बॅटरी दाराजवळ खिळ्याला अडकवून ठेवा. तिची जागा ठरलेली असावी आणि अंधारातही हात थेट तिच्यावर पडावा. दुसरी गोठ्यात ठेवा. चार्जिंगचा किंवा सौर दिवा असेल तर फारच चांगलं. मेणबत्ती, चिमणी, कंदील लावायचाच झाला तर कडबा, वैरण, मच्छरदाणी आणि पोरांचा हात यांपासून लांब, ताटलीत ठेवा. झोपताना न चुकता विझवा. कडब्याच्या गंजीजवळ उघडी ज्योत नेऊ नका.

३) इन्व्हर्टर. घेतला असेल तर तो किती वेळ चालेल याचा हिशेब स्वतः करा. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असेल तर गुणाकार १,८०० होतो. त्यातले सुमारे १,२०० वॅट-तास कामाला येतात असं धरा. ९ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६ वॅट आणि जुने दोन पंखे म्हणजे १५० वॅट. एकूण १८६. भागाकार केला तर साडेसहा तास झाले. एक पंखा बंद केला तर सुमारे अकरा तास मिळतात. बॅटरी जुनी असेल तर यातले निम्मेच धरा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवा. तिच्याजवळ विडी-काडी ओढू नका.

४) मोबाइल आणि रेडिओ. झोपण्यापूर्वी मोबाइल भरून ठेवावा. वादळात टॉवर बंद पडतात तेव्हा सेलवरचा रेडिओ हाच आधार असतो. दोन सेल जादा ठेवा.

५) औषध. घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर लाइट गेल्यावर ते कशात ठेवायचं हे आधीच ठरवा. मातीच्या मडक्यात थोडी ओली वाळू, त्यावर कोरड्या डबीत औषध, वर झाकण, आणि मडकं सावलीत. फ्रीज वारंवार उघडला नाही तर तो सुमारे चार तास गार राहतो. ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी असेल तर वायरमनला आणि दवाखान्याला आधी सांगून ठेवा.

६) सौर पाट्या. छतावर पाट्या बसवल्या म्हणजे लाइट गेली तरी घरात उजेड, असा पुष्कळांचा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. वाहिनीला जोडलेली आणि बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट जाताच आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तशी सोय केलेली असते. मात्र ऊन असेतोवर पाट्यांच्या तारांत वीज असतेच. त्या उघड्या हातानं सोडू नका.

लाइट जाताक्षणी

पहिलं काम बटणं बंद करण्याचं. कडबाकुट्टीवर असाल तर हे काम जिवाचं आहे. कुट्टी चालू असताना लाइट गेली, पेंढी तोंडात अडकली, माणूस हात घालून ती ओढायला गेला, आणि तेवढ्यात लाइट आली, तर काय होईल हे सांगायला नको. लाइट गेली की आधी मेनस्विच पाडा. चाक पूर्ण थांबू द्या. मगच अडकलेली वैरण काढा, आणि तीही काठीनं. पिठाची गिरणी, मळणीयंत्र, विहिरीवरची मोटार, सगळ्यांना हाच नियम लागू.

घरातला फ्रीज, दूरदर्शन संच, पाण्याची मोटार बंद करा. एकच दिवा चालू राहू द्या. तो पेटला की लाइट आल्याचं कळेल. दिवा नेहमीसारखा लागला तर पाच-दहा मिनिटं थांबून एकेक वस्तू चालू करा. दिवा भगभगीत लागला, किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत झगझगीत दिसला, तर मेनस्विच ताबडतोब पाडा. न्यूट्रलची तार तुटली की घरच्या वस्तूंवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. अशा वेळी वस्तू जळतात आणि आगही लागते.

लाइट आल्यावर डीपी का जळते?

मळ्यातली पाळी रात्री एकला सुरू होणार. माणूस दिवसभर राबलेला. उठून जायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो-स्विच लावतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. त्याची अडचण खरी आहे, त्याला आळशी म्हणून चालणार नाही. पण हिशेब पाहा.

५ अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण साडेसात ते आठ अँपिअर घेते. सुरू होतानाच्या क्षणी मात्र ती सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते. ६३ केव्हीए डीपीची ताकद ८४ अँपिअर. दहा मोटारी एकेक करून सुरू झाल्या तर ७५ ते ८० अँपिअर लागतात, जेमतेम बसतं. त्याच दहा मोटारी एका दमात सुरू झाल्या तर साडेचारशे अँपिअर. दहा माणसं एकदम बैलगाडीवर उडी मारतील तर आख मोडणारच! मग फ्यूज उडतो, किंवा डीपीच जळते, आणि भरल्या कांद्याला ऐन वेळी पाणी नाही.

यावर उपाय तीन. पहिला, एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून पाळी लावावी. ऑटो-स्विच ठेवायचाच असेल तर वेळ लावता येणारा ठेवावा आणि प्रत्येकाची मोटार एकेका मिनिटाच्या अंतरानं सुरू होईल असं करावं. दुसरा, मोटारीला योग्य कपॅसिटर बसवावा. ५ अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआरचा चालतो. त्यानं तारेवरचा भार कमी होतो. तिसरा, आकडे काढावेत. आकडा टाकणारा फुकट वीज घेतो, पण डीपी जळली की भुर्दंड सगळ्यांना बसतो. एक फेज गेला असताना जुगाड करून दोन फेजवर मोटार ओढू नका, ती तापून जळते.

एकोप्यानं काय होतं याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २००५ नंतरच्या कडक भारनियमनाच्या वर्षांत अक्षय प्रकाश योजना निघाली होती. गावानं ठरवून संध्याकाळी मोटारी-गिरण्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात गावात दिवे राहायचे. ज्या गावांनी शिस्त पाळली तिथं लेकरांनी दिव्याखाली अभ्यास केला. तारा त्याच, डीपी तीच, बदलली ती फक्त माणसांची वागणूक.

आणखी एक. ऑटो-स्विच असलेल्या मोटारीला, पाइपाला, स्टार्टरला हात लावण्यापूर्वी मेनस्विच पाडलाच पाहिजे. मोटार बंद दिसते ती लाइट नाही म्हणून. लाइट येताना ती कुणाला विचारून येत नाही.

शॉक कसा बसतो, आणि फ्यूज का वाचवत नाही?

जून २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या दापोडी गावात एकाच घरातली तीन माणसं विजेच्या धक्क्यानं गेली. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरली होती. एकाला धक्का बसला, त्याला सोडवायला घरची माणसं धावली आणि तीही चिकटली. ही गोष्ट लांबच्या मुलखातली नाही, भीमेकाठची आहे. त्या घरासारखी तार तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या अंगणात आहे.

पुष्कळ जण म्हणतात, "साहेब, आमच्या घरात फ्यूज आहे की!" फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. तो माणसासाठी नसतो. हे नीट समजून घ्या. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५,००० मिलीअँपिअर. माणसाच्या शरीरातून १५-२० मिलीअँपिअर गेले तर स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेले तर काळजाचा ठोका चुकून माणूस दगावू शकतो. ९ वॅटचा एक दिवा साधारण ४० मिलीअँपिअर घेतो. म्हणजे एका लहान दिव्याला लागते तेवढी वीज माणसाला संपवायला पुरते, आणि फ्यूजला तिचा पत्ताही लागत नाही.

म्हणून घरात दोन गोष्टी हव्यातच. एक, ३० मिलीअँपिअरला पडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी स्विच. वीज वाट सोडून पत्र्यात, ओल्या भिंतीत किंवा माणसात उतरली की तो डोळ्याचं पातं लवण्याआधी पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. स्विच पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. दुसरी गोष्ट अर्थिंग. ओलावा राहील अशा जागी खड्डा घेऊन जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ असं चांगल्या वायरमनकडून करून घ्या. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. मोटारीची आणि स्टार्टरची पेटीही अर्थिंगला जोडलेली हवी. बोअरच्या पाइपाला तार गुंडाळली म्हणजे अर्थिंग झाली असं समजू नका.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार वापरू नका, सुती किंवा नायलॉनची दोरी बांधा. खर्च काहीच नाही. दोरीचं टोक विजेच्या खांबाला, मीटरच्या पाइपाला किंवा पत्र्याच्या छपराला बांधू नका. सर्व्हिस वायर पत्र्यावर घासत असेल तर ती उचलून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम झालंच पाहिजे. पत्र्याला, भिंतीला, नळाला मुंग्या आल्यासारखं लागलं तर "थोडा करंट येतोय" म्हणून हसून सोडू नका. तो थोडा करंट म्हणजे मोठ्या धक्क्याची आगाऊ चिठ्ठी असते. मेनस्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. रानडुकरांसाठी कुंपणात घरची वीज सोडणं गुन्हा आहे. त्यात आपलंच माणूस सापडतं.

डीपीवर चढू नका, जनरेटर घरात लावू नका

फ्यूज उडाला की गावातला एखादा धाडसी गडी काठी घेऊन डीपीकडं निघतो. त्याला थांबवा. डीपीच्या वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात. घरच्या विजेला कोरडी काठी चालते, तिथं ती चालत नाही. महावितरणच्या कर्मचाऱ्याला कळवा. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे, तसेच १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे निःशुल्क क्रमांक आहेत. हे क्रमांक आणि आपला ग्राहक क्रमांक मीटरजवळ रंगानं लिहून ठेवा. अंधारात बिल शोधत बसावं लागणार नाही.

जनरेटर असेल तर तो उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत झोपलेली माणसं झोपेतच जातात. शेगडीत कोळसे पेटवून दार लावून झोपण्याचाही हाच धोका आहे. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसू नका, चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर वीज उलटी तारेवर जाते, डीपीतून जाताना तिचा दाब वाढतो, आणि लाइट बंद आहे अशा भरवशावर खांबावर चढलेला वायरमन त्यात सापडतो. तोही कुणाचा तरी मुलगा असतो.

दूध, गोठा आणि कोंबड्या

संध्याकाळचं दूध काढलं आणि डेअरीचं शीतकरण बंद असलं, तर कॅन मानेपर्यंत गार पाण्याच्या हौदात ठेवा. वर ओलं गोणपाट टाका, अधूनमधून दूध ढवळा, पाणी तापलं की बदला. सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं कोमट दूध ओतू नका, दोन्ही जातं. फार वेळ लागणार असेल तर तापवून दही, खवा, तूप करा. दूध काढण्याच्या यंत्रावर गाय सवकलेली असेल तरी घरात दोघांना तरी हातानं धार काढता आलीच पाहिजे. गाय तुंबली की कासेला दाह होतो.

कुक्कुटपालकांनी उन्हाळ्यात विशेष जपावं. पंखे-फॉगर थांबले की भरलेल्या शेडमध्ये पक्षी बघता बघता धापा टाकू लागतात. बाजूचे पडदे लगेच वर करा, छतावर ओली गोणपाटं टाका, गार पाणी ठेवा, दुपारी खाद्य देऊ नका. शेडमध्ये लाइट गेल्याची घंटा बसवली तर रात्री कळतं.

रात्रीचं दारं धरताना

रात्रीच्या पाळीला जाणारा माणूस हा घराचा कर्ता असतो. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात त्याच्या हल्ल्यात लहान मुलंही गेली. दिवसा वीज द्या ही मागणी रास्त आहे आणि ती ग्रामसभेतून लेखी करत राहिली पाहिजे. सौर कृषी वाहिनीसाठी गावची पडीक जागा सुचवता येते, त्याचा ग्रामपंचायतीनं विचार करावा. पण तोवर जीव सांभाळायचा आहे.

एकट्यानं जाऊ नका, शेजारच्या बांधावरच्याची जोडी करा. गमबूट घाला, हातात काठी आणि चांगली बॅटरी घ्या, मोबाइलवर किंवा रेडिओवर गाणी मोठ्यानं लावा. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका, वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. ओल्या हातानं, चिखलात उभं राहून स्टार्टरला हात लावू नका. स्टार्टरच्या पेटीसमोर कोरडी फळी टाकून ठेवा. पेटी उघडताना आधी उजेड पाडा. आत उबेला साप बसलेला असतो. घोड-भीमेच्या काठच्या मोटारींचे पाइप पूर असताना रात्री काढायला उतरू नका. मोटार दुसरी मिळते.

साप चावला तर धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, चिरा घेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिलस असलेल्या दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडं गेलेली वेळ परत मिळत नाही.

वादळ, विजा आणि तुटलेली तार

वळवाच्या पावसात वीज चमकली आणि गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या घरात चला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, डीपीजवळ, तारेच्या कुंपणाला टेकून उभं राहू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेतलं तर जवळपास वीज पडण्याचा इशारा आधी मिळतो.

तार तुटून पडली असेल तर ती मेलेली आहे असं कधीही समजू नका. दहा मीटर लांब राहा, जनावरांना आवरा, माणूस उभा करून वाट अडवा आणि १९१२ ला कळवा. चुकून जवळ असाल तर लांब ढांगा टाकू नका. पाय जुळवून सरपटत लांब व्हा. जमिनीत पसरलेली वीज दोन पायांच्या अंतरातून अंगात शिरते. गाई-बैल यामुळंच आधी पडतात, कारण त्यांच्या पायांतलं अंतर जास्त असतं.

शॉक बसला तर

१) माणसाला हात लावू नका. आधी मेनस्विच पाडा.
२) स्विच लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडानं तार बाजूला करा. हे फक्त घरच्या विजेला. ११,००० च्या तारेजवळ जाऊ नका, पुरवठा बंद करून घ्या.
३) १०८ ला फोन करा.
४) श्वास थांबला असेल तर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, सुमारे ५ सेंटिमीटर दाबा. येत असेल तर ३० दाबांनंतर तोंडानं दोन श्वास द्या, नसेल येत तर नुसतं दाबत राहा. गाडी येईपर्यंत थांबू नका.
५) भाजलं असेल तर वीस मिनिटं साधं पाणी सोडा. शाई, पेस्ट, हळद लावू नका.
६) मातीत पुरणं, चप्पल हुंगवणं यात वेळ घालवू नका.
७) आभाळातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावून मदत करा.
८) माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन तपासा. ठोका नंतरही बिघडू शकतो.

अमावास्येचा नेम

पुष्कळ घरांत अमावास्येला बैलांना जू लावत नाहीत. तो दिवस घराच्या तपासणीला द्या. अर्धा तास पुरतो. ईएलसीबीचं बटण दाबून पाहा. बॅटरी, सेल, इन्व्हर्टरचं पाणी बघा. टाकी धुऊन भरा. सर्व्हिस वायर, वाळवणाची दोरी, स्टार्टरची पेटी नजरेखालून घाला. अर्थिंगला पाणी द्या. आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी सात-आठ वर्षांच्या पोरालाही विचारा : "मेनस्विच कुठं आहे? दाखव बरं." शॉक बसलेल्या बापाकडं धावण्याऐवजी ते पोर मेनस्विचकडं धावलं, तर या पत्रकाचं काम झालं.

लाइट येईल, जाईल, पुन्हा येईल. तिची वाट पाहता येते. घरचं माणूस गेलं तर वाट कुणाची पाहायची? म्हणून आजच, हे पत्रक खाली ठेवण्यापूर्वी, अंगणातली लोखंडी तार सोडा आणि दोरी बांधा. बाकीची कामं उद्यापासून एकेक करून घ्या.